तुम्ही विचारलंत म्हणून : तास संपल्यावर आम्ही काय करतो

"मॅडम, इंग्रजीचे दोन तास झाले की बाकीचा दिवस तुम्ही लोक करता तरी काय?" बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना, गणपतीच्या आरतीला, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला हमखास येतो. पाठोपाठ दुसरा : "ते तुमचे रिसर्च पेपर वाचतं कोण?"

दुसरा आधी घेते, कारण तो रास्त आहे. आम्हा प्राध्यापकांना बढतीला गुण लागतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत आमच्यासारख्या विषयांत एका शोधनिबंधाला १० गुण आहेत, तर अनुवाद केलेल्या अख्ख्या पुस्तकाला ८. म्हणजे वर्षानुवर्षं खपून एखादी गुजराती कादंबरी इंग्रजीत नेणाऱ्याच्या पदरात एका लेखापेक्षा कमी पडतं. मला हे अजिबात पटत नाही. याच गुणांच्या मागे लागून पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. त्यांतलं खरंच कोणी वाचत नाही.

पण तेवढ्यावरून आमचं काम जोखू नका, निदान बडोदेकरांनी तरी. इथल्या बडोदा कॉलेजात अरविंद घोष इंग्रजी शिकवत. पुढे सयाजीराव विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात आपल्या भोरचे गणेश देवी होते. भारतीय भाषांतल्या समीक्षेच्या परंपरेवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया'ला १९९३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढं झाल्यावर कोणीही खुर्चीत स्थिरावला असता. त्यांनी १९९६ मध्ये नोकरी सोडली, 'भाषा' संस्था उभारली, तेजगढला आदिवासी अकादमी काढली. २०१० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या लोकभाषा सर्वेक्षणात ७८० भाषांची नोंद झाली. इंग्रजीच्या प्राध्यापकानं राठवी आणि भिली या आदिवासी भाषा बोलणाऱ्यांच्या दारी जावं, याहून मोठं काम आमच्या विषयात मी तरी पाहिलेलं नाही.

आम्ही तेवढे मोठे नाही, पण वाट तीच धरतो. छोटा उदेपूरकडची एक विद्यार्थिनी आजीकडची लग्नगीतं गुजराती लिपीत उतरवून घेऊन आली, खाली इंग्रजी अर्थ. माझ्या सहकारी बाईंनी व्याकरणाला हात लावायच्या आधी विचारलं, "हे म्हणतं कोण? मुलीकडच्या बायका की मुलाकडच्या?" पोरीला सांगता येईना. तिनं तिथंच आजीला फोन लावला. आजी आधी लाजली, मग गायलाच लागली आणि स्टाफरूममधल्या वह्या तपासणाऱ्यांचे हात थांबले. कागदावर एकदाच लिहिलेली ओळ गाताना दोनदा येत होती, दुसऱ्यांदा समोरच्या पक्षाच्या बायकांच्या तोंडी. अख्खं गीत म्हणजे भांडण होतं! मग अनुवाद पहिल्यापासून केला, आजीचं म्हणणं तळटीपेत घातलं, आणि त्यावरचा लेख बाई आणि विद्यार्थिनी अशा दोघींच्या नावानं नियतकालिकाला पाठवला. परीक्षकांच्या शेऱ्यांसकट तो परत आलाय. सध्या बाईंचा उरलेला दिवस त्यात जातो.

माझा जातो बडोद्यातल्या मराठी घरांतल्या जुन्या डायऱ्या आणि पत्रांत. मुलं ती वाचून उतरवतात, निवडक मजकूर इंग्रजीत नेतात. मोडीतलं असेल तर जाणकार शोधावा लागतो, त्यात वेळ मोडतो. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचं असं काही असेल तर रद्दीत घालू नका. दुपारी कॉलेजात घेऊन या. तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ.