जेफ-बी, १:३० मॉडेल: स्कर्ट आणि पाण्यावरची चाचणी

अमेरिकी नौदलाने १९७० च्या दशकात दोन प्रायोगिक हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर तरंगणारी यानं) बांधून घेतली: एअरोजेटचं जेफ-ए आणि बेलचं जेफ-बी. जेफ-बीला कडेने फुगीर पिशवी आणि तिच्याखाली बोटांसारखे सुटे पदर होते; गादीची हवा अडवणारा हाच स्कर्ट. नौदलाचं पुढचं एलसीएसी, म्हणजे सैन्य-सामान किनाऱ्यावर उतरवणारं हॉवरक्राफ्ट, याच्यावरूनच घडलं, म्हणून मॉडेलसाठी हेच निवडलं.

१:३० ला आकार ८८ × ४८ सेमी येतो. खऱ्या यानाचे दीडशेच्या आसपास टन स्केलवर (वजनाला ३० च्या घनाने भागून) साडेपाच किलो होतात. आपलं मॉडेल बॅटरीसह २.१ किलो आहे आणि ते हलकंच राहू द्यावं. हवेच्या गादीचं क्षेत्रफळ ०.३४ चौमी, म्हणजे उचलायला जेमतेम ६० पास्कल पुरतात. मोजायला पारदर्शक नळीचा यू, रंगीत पाणी आणि पट्टी बस्स. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात गादीसाठी ६ मिमी आणि पिशवीसाठी किमान ८ मिमी फरक दिसायला हवा. पिशवीचा दाब पडला की पुढची पिशवी आत दुमडते.

दाब पडण्याचं मुख्य कारण शिलाई. सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जाते. त्यामुळे पिशवी रिपस्टॉप (फाट पुढे सरकू न देणाऱ्या विणीच्या) नायलॉनची, १० मिमी कड एकमेकींवर घेऊन रबर गोंदाने चिकटवलेली. बोटं मात्र शिवलेलीच चालतात. आपल्याकडे सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे इतके आहेत, की एक पत्र्याचा साचा दिला तर सगळी एकसारखी होतात, आणि एकसारखेपणा इथे फार महत्त्वाचा.

मागच्या बाजूला उघडी बोटं लावू नका! पुढे जाताना ती पाणी उपसतात आणि शेपूट जड होते. तिथे तळ बंद असलेले शंकू हवेत, हवेसाठी लहान भोक ठेवून.

हिप्परगा तलावावर वेग वाढवताच नाक पाण्यात घुसत होतं. मोटरची ताकद वाढवून ते आणखी बिघडलं. उपाय दोन: बॅटरी २ सेमी मागे, आणि गादीच्या मधोमध उभा-आडवा कापडी पडदा. पडद्याने गादीचे चार कप्पे होतात. नाक खाली गेलं की पुढच्या कप्प्यांतला दाब वाढून ते परत उचललं जातं. डाव्या-उजव्या झोलालाही हाच पडदा आवरतो.

चाचणी सकाळीच घ्यावी. ४० अंशांना हवा २० अंशांपेक्षा सहाएक टक्के विरळ असते, त्याच फेऱ्यांना पंख्याचा दाबही तेवढाच घटतो, शिवाय मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर तापतो. रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर फुग्यात गुंडाळून तोंड घट्ट बांधा; तुषार सगळीकडे पोचतात.

आता पुढचे दोन बो थ्रस्टर (हवा फेकून यान वळवणाऱ्या नळ्या) बाकी आहेत. त्यांची हवा लिफ्टच्याच, म्हणजे यान उचलणाऱ्या पंख्यातून घ्यायची असल्याने पिशवीचे ८ मिमी पुन्हा तपासावे लागतील.