हॅरिस गेला असेल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे पत्र हातात पडले आणि डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या त्या बाई, दहावी 'ब'च्या फळ्यापुढे. इतिहासाच्या बाई म्हणजे कोण, हे आपल्यापैकी कुणालाच सांगायला नको.

शनिवारी शेवटच्या तासाला बाई धडा बाजूला ठेवून युलिसिस ग्रँट या अमेरिकी सेनापतींच्या, पुढे राष्ट्राध्यक्षही झालेल्या, लष्करी आठवणी सांगत. हातात इंग्रजी पुस्तक, तोंडी अस्सल मराठी. अमेरिकी यादवी युद्ध, १८६१ साल, मिसूरी. ग्रँट तेव्हा नवे कर्नल. शत्रूचा कर्नल हॅरिस टेकड्यांपलीकडे ओढ्याकाठी तळ ठोकून होता. बाईंनी खडूने दोन टेकड्या काढल्या, मध्ये ओढा, काठावर चार राहुट्या. चढ चढताना ग्रँट यांचे काळीज वर वर सरकत पार घशाशी आले. परत फिरावेसे वाटत होते, पण 'थांबा' म्हणायचेही धैर्य होईना, म्हणून ते चालत राहिले. खडू टेकडीच्या माथ्यावर थांबला. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा. आणि बाईंनी पदराच्या टोकाने राहुट्या पुसून टाकल्या. हॅरिस केव्हाच निघून गेला होता! आपल्याला त्याची जितकी भीती, तितकीच त्याला आपली, हे ग्रँट यांना तिथे उमगले आणि युद्ध संपेपर्यंत ते विसरले नाहीत.

त्याच वर्षी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पडद्यामागे माझे पाय लटपटत होते. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "हॅरिस गेला असेल रे. जा."

पुढे मी सैन्यात २४ वर्षे काढली, कर्नल होऊन निवृत्त झालो. पहिल्या रात्रीच्या गस्तीला, अंधारात जवानांच्या पुढे चालताना, मनात बाईंचेच शब्द होते.

ते पुस्तक मी स्वतः वाचले ते नोकरीत असताना. दिवाळे निघालेले, घशाचा कर्करोग झालेला, तरी घरच्यांच्या पोटासाठी ग्रँट लिहीत राहिले. लिखाण संपले आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ रोजी ते गेले. बाई हे कधीच बोलल्या नव्हत्या. का, ते विचारायचे ठरवले होते. दर सुटीत 'पुढच्या वेळी जाऊ' म्हणत राहिलो आणि एका सुटीत कळले, बाई गेल्या.

शनिवारचा तो तास आता सराव परीक्षेला देतात म्हणे. फार वाईट वाटले.

पुस्तक वाचनालयाच्या खिडकीजवळच्या कपाटात असे, पाठीवर पांढऱ्या शाईने क्रमांक घातलेले. महोत्सवाला येईन तेव्हा मांडवात जाण्याआधी ते कपाट उघडून घेईन.