पाठीवरचा वारा : दौंड ते पळसदेव

पुण्याहून पंढरपूरला सायकलने जायचे ठरले तेव्हा सोलापूर महामार्ग टाळून शक्य तितके नदीच्या कडेने जायचे, एवढी एकच अट आम्ही घातली होती. लकडी पुलाखालची मुठा संगमावर मुळेला भेटते, त्या दोघी मिळून रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातात आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते; नकाशावर हे फार सोपे दिसते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दौंडपर्यंत नदी दिसली ती पुलांवरून, आणि शहराबाहेर पडेपर्यंत तर ती दिसण्याआधी वासानेच कळत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून अकराच्या आत भिगवण गाठायचे आणि चारपर्यंत सावलीत पडून राहायचे, असा बेत होता. एप्रिलचा मध्य असल्यामुळे त्यात तडजोड करायची नाही, हे तिघांनाही मान्य होते. तरीही आमच्या तिघांतले वडीलधारे, म्हणजे माझ्या मेहुण्याचे काका, सिद्धटेकला अडले. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती हा एकच आणि प्रदक्षिणा घालायची तर टेकडीसकट, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर. "अरे, इथवर येऊन दारातूनच परत फिरायचे?" असे त्यांनी विचारल्यावर बोलायला काही उरले नाही. घाटाच्या पायऱ्यांवर बसून भीमेकडे पाहताना मला तरी त्या उशिराचे काही वाटले नाही, हेही कबूल करतो. मात्र पूल ओलांडून आम्ही राजेगावच्या बाजूने भिगवणकडे निघालो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

आणि वारा पाठीवर आला. सायकलवाल्याला याहून मोठे सुख नसते, असे मी त्या दिवसापर्यंत समजत होतो. वेग ताशी बावीस-तेवीसवर गेला, पायांना काही जाणवेना, आणि पहिली दहा मिनिटे आम्ही खूश होतो. मग लक्षात आले की वाराही जवळजवळ आमच्याच वेगाने चालला आहे. म्हणजे अंगाला हवा लागतच नाही. एक ट्रॅक्टर पुढे गेला तर त्याचा धूर आणि धुरळा मागे पडायच्याऐवजी आमच्याबरोबरच येत राहिला. समोरचा वारा कितीही दमवत असला तरी घाम वाळवतो आणि अंग निववतो. इथे घाम हनुवटीवरून थेंबाथेंबाने दांड्यावर पडत होता. पाणी गार राहावे म्हणून बाटलीवर ओला मोजा चढवण्याची माझी युक्तीही वाऱ्यावाचून निकामी झाली आणि आतल्या पाण्यात चहाची पूड टाकली असती तर रंग उतरला असता. त्यात दोन्ही बाजूंना डोक्याच्यावर गेलेला ऊस होता आणि पाट चालू होते. उघड्या माळावरचे कोरडे ऊन परवडले, पण भिजवलेल्या उसातली ती कोंदट वाफ नको, असे झाले. मोबाइलवर ४१ अंश दिसत होते. नदी उजवीकडे आहे की डावीकडे, हे आता कोणीच विचारत नव्हते.

साडेअकराच्या सुमारास मेहुणा एकदम थांबला. शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्या उन्हात त्याच्या हातांवर काटा आला होता. उन्हाचा त्रास सुरू झाल्याची ही खूण मी ऐकून होतो, पाहिली तेव्हा मात्र पोटात गोळा आला. सुदैवाने शंभर पावलांवर एक वस्ती होती. तिथल्या आजींनी आम्हाला कडुलिंबाखाली बाजेवर बसवले, त्याच्या डोक्यावर ओले फडके ठेवले आणि माठ समोर असूनही पाच मिनिटे पाण्याचा तांब्या हातात दिला नाही. "आधी दम खावा. हा गुळाचा खडा तोंडात धरा, मग पाणी," असे म्हणून त्यांनी एकेकाच्या तळहातावर खडा ठेवला. नंतर मीठ-जिरे घातलेले ताक आले. "गाडी मोडली का?" असे त्यांच्या नातवाने विचारले, हौसेने सायकल चालवतो, हे उत्तर त्याला पटलेले दिसले नाही. साडेचारपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

भिगवणला थांबलो ते तळलेली चिलापी खाण्यापुरते. पुढे उजनीचे पाणी डावीकडे पसरत गेले आणि ज्या नदीला दिवसभर शोधत होतो ती एकाएकी समुद्रासारखी समोर आली. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाने जुने पळसदेव पोटात घेतले. गाव वर नव्याने वसले, पण पळसनाथाचे देऊळ खालीच राहिले आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे शिखर वर येते. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता, शिखर पाण्याबाहेर होते आणि काठच्या गाळाला पडलेल्या भेगांमध्ये शिंपल्यांचा खच होता. पाय बुडवले तर पाणी कोमट लागले.

गावाकडे परतताना तोंड पश्चिमेला झाले आणि दिवसभर पाठीशी असलेला तोच वारा समोरून अंगावर आला. मेहुण्याने शर्टाची दोन बटणे सोडली. "उद्या चारला उठायचे, आणि वाटेत एकही प्रदक्षिणा नाही," असे काकांनी स्वतःहून जाहीर केले. थोडे पुढे गेल्यावर मात्र त्यांनी हळूच विचारले, "नीरा नरसिंहपूर वाटेतच लागते ना?"