दोन मॉनिटर, एक वायर: डॉक घेण्याआधी लॅपटॉपचा पोर्ट बघा

डॉकला, म्हणजे एकाच वायरने लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड आणि चार्जिंग देणाऱ्या डब्याला, लॅपटॉप जोडला, चार्जिंग सुरू झालं, कीबोर्ड-माऊस चालायला लागले, पण मॉनिटर काळाच. अशा वेळी डॉक खराब निघाला म्हणून तो परत केला जातो, आणि बदलून आलेलाही तसाच वागतो. साधा यूएसबी-सी डॉक स्वतः चित्र तयार करत नाही. लॅपटॉपच्या पोर्टमधून जेवढं बाहेर येतं, तेवढंच तो वाटून देतो. त्यामुळे तपासणी लॅपटॉपपासून सुरू करायची.

यूएसबी-सी पोर्टशेजारचं बारीक चिन्ह मोबाईलचा टॉर्च मारून वाचा. विजेचा बाण असेल तर तो थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सीचाच जास्त वेगवान प्रकार; त्यातूनही चित्र निघतं. डी आणि पी ही इंग्रजी अक्षरं असलेलं चिन्ह असेल तर त्यातून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरच्या चित्राचा, सिग्नल निघतो. नुसतं त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह असेल किंवा काहीच नसेल, तर लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ हे शब्द शोधा. ते नसतील तर साध्या डॉकमधून चित्र येणार नाही, मग तो कितीही महाग असो.

दुसरा संशयित म्हणजे वायर. फोनच्या चार्जरसोबत येणारी सी-टू-सी वायर बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते. ती चार्ज करते, माऊस चालवते, पण चित्र वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. डॉकसोबत आलेलीच वायर वापरा आणि ती इतर कामाला पळवू नका.

आता खरा हिशेब. यूएसबी-सीमध्ये वेगवान डेटासाठी चार लेन, म्हणजे तारांच्या चार वेगळ्या वाटा, असतात. बरेच डॉक त्यातल्या दोन चित्राला आणि दोन यूएसबी ३ ला देतात. लॅपटॉप डिस्प्लेपोर्ट १.२ चा असेल, तर दोन लेनमधून सेकंदाला ८.६४ गिगाबिट चित्र जातं. ४के मॉनिटरला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलताना, साधारण १२.८ गिगाबिट लागतात. ते मावत नाही, म्हणून मॉनिटर ३० हर्ट्झवर येतो. चित्र दिसतं, पण माऊसचा बाण ओढल्यासारखा मागे राहतो, पान स्क्रोल करताना अक्षरं तुटतात. ‘डिस्प्ले’ सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट बघितला की हे लगेच कळतं. काही डॉक चारही लेन चित्राला देतात. मग ४के ६० हर्ट्झवर चालतं, पण यूएसबी ४८० मेगाबिटवर उतरतो आणि बाहेरची एसएसडी पेनड्राइव्हसारखी रांगते. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील, तर दोनच लेनमध्ये १२.९६ गिगाबिट मिळतात आणि ४के जेमतेम बसतं.

दोन मॉनिटर लावताना हीच बेरीज करा. फुल एचडीला ६० हर्ट्झवर सुमारे ३.२ गिगाबिट, २५६० बाय १४४० ला सुमारे ५.८. दोन फुल एचडी डिस्प्लेपोर्ट १.२ च्या जुन्या लॅपटॉपवरही आरामात चालतात. एक फुल एचडी आणि एक १४४० मिळून ९ होतात, म्हणजे ८.६४ च्या बाहेर. तिथे एक मॉनिटर कमी रिझोल्यूशनवर येतो किंवा उठतच नाही. ऑफिसकामासाठी दोन फुल एचडी पुरेसे असतील, तर थंडरबोल्ट डॉकचे जास्तीचे पैसे घालायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॅकबुकवाल्यांनी मात्र थांबून वाचावं. एका पोर्टमधून दोन मॉनिटर वेगळे चालवण्याची एमएसटी ही पद्धत विंडोजला चालते, मॅकओएसला नाही. तिथे दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र उमटतं. शिवाय साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक बाहेरचा एकच मॉनिटर घेतात. त्यांना डिस्प्लेलिंकचा डॉक हा मार्ग उरतो. त्यात चित्र प्रोसेसरवर कॉम्प्रेस करून यूएसबीच्या डेटामधून पाठवलं जातं, म्हणून ड्रायव्हर टाकावा लागतो आणि मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. एक्सेल आणि कोडसाठी तो चांगला. व्हिडिओ एडिटिंगसाठी नको, आणि ओटीटीवरचं संरक्षित चित्र त्यावर बऱ्याचदा काळं दिसतं.

वॉटचाही हिशेब ठेवा. ज्या छोट्या हबमध्ये लॅपटॉपचाच चार्जर खुपसायचा असतो, तो स्वतःसाठी १०-१५ वॉट ठेवून घेतो. ६५ वॉटच्या चार्जरमधून लॅपटॉपला मग ५० च्या आसपास मिळतात, आणि भरपूर काम चालू असताना बॅटरी चार्जिंगला लावूनही उतरत जाते. ६० वॉटच्या वर जायचं तर वायरही ५ अँपिअरची, आत ई-मार्कर (वायरची क्षमता सांगणारी) चिप असलेली हवी.

सगळं बरोबर असूनही मॉनिटर उठत नसेल, तर डॉकचा अडॅप्टर भिंतीतून काढा, लॅपटॉपची वायरही काढा, अर्धा मिनिट थांबा. मग आधी अडॅप्टर, नंतर मॉनिटर, शेवटी लॅपटॉप. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डॉक मात्र रीस्टार्ट होतो. त्या क्षणी बाहेरच्या डिस्कवर फाइल कॉपी होत असेल, तर ती अर्धवट राहते.

ऑफिसच्या नेटवर्कवर फक्त डॉकमधूनच इंटरनेट मिळत नसेल, तर डॉकच्या लॅन पोर्टचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) वेगळा आहे हे आयटीवाल्यांना सांगा. तो नोंदवला की काम होतं.

आणि वायरलेस माऊस अडखळत असेल तर बॅटरी बदलण्याआधी रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो आणि रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकत असतो. फूटभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर डॉकच्या पाठीमागून काढा आणि कीबोर्डशेजारी आणून ठेवा.