साडेपाच तासांचा घोळ

सांगलीच्या मार्केट यार्डात काकांची हळदीची पेढी आहे. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी निघते: वजन, दर, हमाली, तोलाई. ती छापणारा, सी या प्रोग्रामिंग भाषेतला प्रोग्राम माझा. परवा हमालीचा दर वाढला. असे दर ज्या हेडर फाइलीत एकत्र लिहिलेत तिथं आकडा बदलला, मेक (बदललेल्या फाइलीच तेवढ्या पुन्हा कम्पाइल, म्हणजे मशीनच्या भाषेत रूपांतरित, करून प्रोग्राम बांधणारं साधन) चालवलं, पट्टी काढून बघितली, तर हमाली जुन्याच दरानं! तासभर हिशोबाचं फंक्शन चाळत बसलो. तिथं काहीच चुकलेलं नव्हतं.

शेवटी फाइलींच्या पूर्ण वेळा काढल्या. ऑब्जेक्ट फाइलींवर, म्हणजे कम्पाइल होऊन तयार झालेल्या फाइलींवर, दुपारचे साडेतीन, आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा.

फाइलीत काय लिहिलंय ते मेक बघतच नाही. आपण लिहिलेली सोर्स किंवा हेडर फाइल ऑब्जेक्टपेक्षा नंतर बदललीय का, एवढंच बघतं. माझी अकराची दुरुस्ती साडेतीनच्या ऑब्जेक्टपुढे जुनीच ठरली.

पेढीच्या एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही आहेत: विंडोजमध्ये टॅली चालतं, लिनक्सवर माझं काम. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवतं. लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) समजून वर साडेपाच तास चढवतं. एरवी इंटरनेटवरून वेळ लगेच दुरुस्त होते. त्या सकाळी नेट बंद होतं आणि दहा वाजता मी सगळा प्रोग्राम बांधला होता. नेट आलं, घड्याळ मागे आलं, फाइलींवरची वेळ तशीच राहिली. फाइलीची वेळ भविष्यातली असल्याचा इशारा मेकनं दिला होता. मी तो वाचला नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मेक १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, तेही अशाच एका सकाळमुळे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एका अचूक प्रोग्राममध्येच चूक शोधत बसले होते. चूक दुरुस्त झाली होती, फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती. हे आठवलं आणि जरा धीर आला.

'क्लीन' करून, म्हणजे जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसून, सगळं नव्यानं बांधलं, दर बरोबर लागला. पण मूळ दुखणं घड्याळाचं, म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत (त्याच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदीत) बदल करून त्यालाही यूटीसीच वापरायला लावलं.

प्रोग्रामच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा असा त्रास नाही. ते फाइलींच्या वेळा साठवत नाही, ब्रँच (कामाची वेगळी प्रत) बदलली की बदललेल्या फाइलींवर त्या क्षणाची वेळ पडते. बॅकअपमधून वेळ जपून कॉपी केलेली जुनी फाइल मात्र मेकच्या नजरेतून सुटू शकते. तिला मी आता आठवणीनं 'टच' करतो, म्हणजे तिच्यावर आत्ताची वेळ टाकतो.