घोडी का अडली?

घोडीचं नाव बिजली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. दोर माझ्या हातात आल्यापासून ती माथेरानच्या त्या छोट्या रुळांपाशी चारी पाय रोवून उभी होती आणि तिच्यात करंट असल्याचं एकही लक्षण दिसत नव्हतं.

दोर मागून घेतला होता मीच. जानेवारीत मी माथेरानला जाते. घोड्यावर बसत नाही, कंबर परवानगी देत नाही. पण दस्तुरी नाक्यावर गाडी सोडली की ओळखीचे एक घोडेवाले मामा माझं सामान घोड्यावर लादून बाजारापर्यंत आणतात. यंदा त्या घोड्यासोबत ही नवी घोडी होती. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली, चार वर्षांची, कपाळावर पांढरा टिळा. "अजून हिच्यावर कुणाला बसवत नाही. आधी हातानं चालायला शिकू दे," मामा म्हणाले. नुसतं चालवायचंच आहे ना, द्या इकडे, म्हटलं मी. दोन मुलांना वर्षानुवर्षं शाळेच्या रिक्षापर्यंत ओढत नेलेल्या बाईला घोडीचं काय एवढं!

ओढलं. तिच्याकडे तोंड करून उभी राहिले, दोर दोन्ही हातांनी धरला आणि मागे रेलले. बिजलीही मागे रेलली. ती अडीचशे किलोंच्या पुढची, मी बासष्ट किलोंची. रस्सीखेचीचा निकाल सांगायला पंच लागला नाही. मोरखीचा, म्हणजे दोर बांधायला घोड्याच्या तोंडावर चढवतात त्या साजाचा, पट्टा कानांमागे रुतला की त्यातून सुटायला घोडं पुढे येईल, असा आपला हिशोब. न शिकवलेलं घोडं मात्र त्या दाबाविरुद्ध आणखी जोर लावतं. तो हट्ट नसतो, अंगचीच रीत असते. मराठीने मात्र 'अडेलतट्टू' असा शब्द घडवून सगळा दोष तट्टाच्या पदरात घातला. दोराच्या दुसऱ्या टोकाला जो असतो, त्याच्यासाठी शब्दच नाही.

मामांनी थोडा वेळ मजा बघितली. मग म्हणाले, "ताई, तिच्या डोळ्यांत काय बघताय? वाट अडवून उभ्या आहात तिची."

खरंच की. मी जिथे उभी होते तिथेच तिला यायला सांगत होते. तिच्या डाव्या खांद्याशी आले, तोंड पुढे केलं. आता दोर ओढायचा नाही, त्याला नुसतं वजन द्यायचं, ओल्या टॉवेलाचं असतं तेवढं, आणि थांबायचं. एक मिनिट, दोन मिनिटं. तिने पाय उचलायचीही गरज नाही. अंगाचा भार जरा पुढे झुकला, की त्याच क्षणी दोर सैल. शिकवण त्या सैल सोडण्यात असते. कशाने सुटका झाली, ते घोडं लक्षात ठेवतं.

ऐकायला सोपं आहे. बिजलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की त्या भरात मी दोर आणखी ताणला. ती पुन्हा खांब. "एक पाऊल दिलं तर लगेच दुसरं मागितलंत," मामा म्हणाले, "सावकारासारखं." हे मात्र लागलं मला. मुलांच्या रिक्षापर्यंत गेलं ते लागणं.

गंमत म्हणजे मी वैतागले की तिला आधी कळायचं. हाताची मूठ आवळायच्या आत तिचे कान मागे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता, खूर आपटून बेरजा-वजाबाक्या करणारा. त्याची परीक्षा घेऊन फुंगस्ट नावाच्या संशोधकाने 1907 साली दाखवून दिलं, की त्याला गणित येत नव्हतं. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याच्या मानेत, खांद्यांत जो बारीक बदल होई, तो टिपून हान्स थांबायचा. विचारणाऱ्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसे. लोकांना वाटलं, घोड्याची फजिती झाली. मला तर बेरजेपेक्षा हे भारी वाटतं. नेरळ-माथेरानची गाडीही 1907 चीच. तिच्याच दोन फुटी रुळांपाशी आमचं घोडं अडलेलं.

कारण निघालं साधंच. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. मी दोर आखूड धरून तिची मान वर ठेवलेली आणि खाली काहीतरी चकाकतंय. दोर हातभर सोडल्यावर तिने मान खाली घातली, रूळ हुंगला, नाकपुड्या फुगवून जोरात फुर्रर्र केलं, लाल धूळ माझ्या बुटांवर. मग जबडा हलवला, ओठ चाटले. भीती ओसरल्याची ही खूण असते म्हणे. तरी पाय जागचा हलेना.

"फिरवा तिला," मामा म्हणाले.

आणि मला लहानपणीचं कोडं आठवलं. भाकरी का करपली? पान का सडलं? घोडा का अडला? तिन्हींना एकच उत्तर, न फिरवल्यामुळे. मी आजवर समजत होते की घोड्याला रोज रपेट घडवली नाही, म्हणून तो अडला. इथे वेगळंच फिरवणं होतं. सरळ रेषेत घोड्याशी जोर चालत नाही. मान एका बाजूला वळवली, की तोल राखायला पुढचा पाय हलवावाच लागतो, आणि एक पाय हलला की रोवलेले चारही सुटतात. मी तिला डावीकडे वळवलं. पाय हलला. दोर सोडला. उजवीकडे. सोडला. पाचव्या-सहाव्या खेपेला ती रूळ ओलांडून गेली. मी अजून अलीकडेच.

वारीत माउलींचा अश्व पाहिला आहे. शितोळे सरकारांचा, अंकलीहून आळंदीला येणारा. टाळमृदंगाच्या त्या कल्लोळात, पायाला हात लावायला झेपावणाऱ्या माणसांतून तो शांत चालतो. हात जोडताना माझं लक्ष आजवर नेहमी घोड्याकडे होतं. पुढच्या आषाढात त्याचा दोर धरणाऱ्याचा हात बघणार आहे.

बाजार जवळ आला तेव्हा दोर आमच्यामध्ये झोळीसारखा लोंबत होता. लिंबूसरबताच्या गाडीपाशी मी थांबले, तीही थांबली. तिचा ऊन श्वास माझ्या कोपरावर. भलतीच खूश होऊन मी सरबत प्यायले, निघाले, तर बिजली पुन्हा खांब. मामांकडे न बघता मी तिला शहाण्यासारखं फिरवलं. पाय लगेच सुटला. तोंड दस्तुरीकडे झालं होतं, तिकडेच ती निघाली, आणि मी तिच्या खांद्याशी, दोर सैल ठेवून.

"ताई," मागून हाक आली, "तुमची बॅग इकडं चाललीय."