अधिक 29.7

रविवारी सकाळी भाची रामबागेतल्या आमच्या घरी आली, ती पुस्तक काखेत घेऊनच. मी पोह्यांवर शेव घालत होते. चपला काढता काढताच तिनं विचारलं, "मावशी, मॅलेटपासून ऑक्सॅलोॲसिटेट होतं, तिथे डेल्टा जी अधिक 29.7 किलोज्यूल दिलाय. अधिक म्हणजे अभिक्रिया आपणहून होत नाही ना? मग क्रेब्ज चक्र फिरतं कसं? एन्झाइम ढकलतं का?"

डेल्टा जी म्हणजे अभिक्रियेत मुक्त ऊर्जेत होणारा फरक; क्रेब्ज चक्र म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या अभिक्रियांचं चक्र, आणि मॅलेट, ऑक्सॅलोॲसिटेट हे त्यातलेच पदार्थ. तिचा प्रश्न ऐकून मला इतकं बरं वाटलं! बी.एस्सी.ला असताना हाच आकडा मी तक्त्यातून मुकाट्यानं उतरवून घेतला होता. तो मला खरा कळला तो स्वतः शिकवायला लागल्यावर, आणि तेही बऱ्याच वर्षांनी.

एन्झाइम काही ढकलत नाही. ते दोन्ही बाजूंचा वेग वाढवतं, मुक्त ऊर्जेतला फरक आहे तेवढाच राहतो. खरी मेख त्या आकड्यातच आहे. तो आहे 25 अंश तापमानाचा, पीएच 7 चा आणि प्रत्येक पदार्थ एक मोलर, म्हणजे लिटरमध्ये एक मोल, असतानाचा. पेशीत ऑक्सॅलोॲसिटेट एक मोलर कुठून असणार? ते एका मोलरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी असतं.

मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. शरीराच्या तापमानाला तयार झालेल्या आणि मूळच्या पदार्थांचं गुणोत्तर दहापट घटलं, की डेल्टा जी सुमारे 5.9 किलोज्यूलनं उतरतो. असं पाच वेळा केलं, म्हणजे गुणोत्तर एक लाखांशावर आणलं, की ते 29.7 जवळजवळ फिटतात. त्याच्याही खाली गेलं की अभिक्रिया पुढे सरकते. गुणोत्तर इतकं खाली ठेवतं कोण? पुढची पायरी. सिट्रेट तयार होताना उणे 32.2 मिळतात, त्यामुळे ऑक्सॅलोॲसिटेट झालं रे झालं की उचललं जातं. इंदूरच्या सराफ्यात रात्री खाऊची दुकानं लागतात, तिथे गर्दीच्या वेळी जिलेबी पाकातून थेट द्रोणात जाते, परातीत साठतच नाही, तसं.

याच ओघात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, निघालं. "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. बंध तोडायला ऊर्जा लागतेच, कुठलाही बंध असो. एटीपीमध्ये ऋण भार शेजारी शेजारी दाटीनं बसलेले असतात. पाण्याशी अभिक्रिया झाली की ते लांब होतात, सुटलेला फॉस्फेट अनुनादामुळे, म्हणजे इलेक्ट्रॉन अनेक अणूंवर पसरल्यामुळे, अधिक स्थिर होतो, पाणीही त्यांना जास्त घट्ट धरतं. उणे 30.5 येतात ते या सगळ्यातून. जैवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 साली त्या बंधासाठी नागमोडी रेघ वापरली. खूण फार सोयीची, पण तिच्यामुळे ऊर्जा त्या रेघेतच कोंडून ठेवली आहे असं मुलांना वाटत राहतं.

पोहे केव्हाच गार झाले होते. भाची पानं मागे उलटत ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पायऱ्यांवर, गेली आणि त्यातल्या अल्डोलेज या एन्झाइमच्या पायरीवर बोट ठेवलं: अधिक 23.8. "हीपण पुढची पायरी ओढून नेते?"

"थोडंफार. पण आधी बाणाच्या दोन्ही बाजू मोज."

"एकाचे दोन होतात." थोडा वेळ ती गप्प बसली. मग तिन्ही पदार्थांना 0.0001 मोलर धरून गुणोत्तर काढलं: 0.0001. चार वेळा दहापट, चार गुणिले 5.9. "मावशी, नुसतं पातळ असण्यानंच जवळजवळ शून्यावर आलं!"